दिवेलागणीची शाळा

बँकेच्या कागदपत्रांत अठरा वर्षांखालच्या खातेदाराला एक विशेषण लावलेलं असतं : 'अज्ञान'. अज्ञान खातेदार, अज्ञानाचा पालनकर्ता, अज्ञान सज्ञान झाल्याचा पुरावा. नोकरीची सगळी वर्षं मी हे शब्द वाचले, लिहिले आणि त्यांच्याखाली सह्या केल्या. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहेत. पण आईच्या सहीची स्लिप घेऊन काउंटरपलीकडे उभा असलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पाहिला की या शब्दापाशी माझं पेन थोडं अडखळायचं. खात्यातले शेवटचे दोनशे रुपये आईच्या औषधासाठी काढायला आलेला, घरात किती दिवसांचे तांदूळ उरलेत हे तोंडपाठ असलेला आणि वडील कोणत्या गुत्त्यावर किती वाजता सापडतील हेही ठाऊक असलेला मुलगा अज्ञान कसा? त्याला नको तेवढं ज्ञान नको त्या वयात झालेलं असतं. त्याच्याकडे नसतं ते ज्ञान नव्हे. ते ओझं दोन तास खाली ठेवायला जागा नसते.

हा लेख त्या दोन तासांविषयी आहे. शाळा सुटल्यापासून घरात दिवा लागेपर्यंतचे दोन तास.

आपल्यासारख्यांच्या घरात ही वेळ कशी जाते, ते सांगायला नको. दप्तर सोफ्यावर, चहा नाहीतर दूध, मग क्लास, मग खेळ, मग टीव्ही नाहीतर मोबाइल, आणि अधूनमधून आईची हाक. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत ही वेळ वेगळी असते. आई चार घरची कामं करून आठला येते. वडील असले तर येतात, आले तर शुद्धीत असतात असं नाही. धाकट्या भावंडांना सांभाळायचं, नळाला पाणी आलं की हंडे भरायचे, आणि या सगळ्यांतून वेळ उरलाच तर घरात बसायला जागा नाही म्हणून नाक्यावर उभं राहायचं. नाका कुणालाच 'नाही' म्हणत नाही. तिथे प्रवेश अर्ज नाही, फी नाही, मार्कांची अट नाही. म्हणून तर तो भरलेला असतो.

कायद्यानेही या वयाकडे जरा कानाडोळाच केला आहे. २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तिने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला बंदी केली, घरच्या धंद्याला शाळेनंतर हातभार लावण्याची मुभा मात्र ठेवली. चौदा ते अठरा वयाला बंदी आहे ती धोक्याच्या कामांपुरती. म्हणजे आठवीपर्यंत कायदा मुलाचं बोट धरून चालतो आणि नेमकं नववीच्या दारात ते सोडतो. आवाज फुटायचं, मिसरूड फुटायचं, मुलीला रस्त्यावरच्या नजरा कळायला लागायचं हेच वय. गणित अवघड व्हायचं वयही हेच. मोडायचं ते याच वयात मोडतं, आणि सावरायचं तेही याच वयात सावरतं.

गिरणगावातली एक संध्याकाळ

मी बँकेत लागलो १९८३ साली. पहिली शाखा परळ भागात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाला तोवर वर्ष उलटून गेलं होतं. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. वर्तमानपत्रांत वाटाघाटींच्या बातम्या यायच्या. आम्हाला संप दिसायचा तो पासबुकात. आधी बोनसची ठेव मोडली जायची, मग मुलीच्या लग्नाची आवर्त ठेव, मग बचत खात्यातली किमान शिल्लक. शेवटी माणूस यायचाच बंद व्हायचा. त्याच्या जागी त्याची बायको यायची, आणि पुढे पुढे तीही खानावळीच्या डब्यांतून नाहीतर भाजीच्या पाटीतून मोकळी होईना तेव्हा मुलगा यायचा. आमचा तो अज्ञान.

त्या वेळी शाखेतून सुटल्यावर मी ज्या रस्त्याने स्टेशनकडे जायचो, तिथे दोन चाळींच्या मध्ये मातीचं एक मैदान होतं. मैदान कसलं, चौक म्हणा. संध्याकाळी त्यावर पाणी मारलेलं असायचं, चुन्याच्या फक्कीने रेषा आखलेल्या असायच्या आणि वीस-पंचवीस पोरं कबड्डी खेळत असायची. बाजूच्या बाकावर पायजमा आणि बनियन घातलेले एक मध्यमवयीन गृहस्थ बसलेले असत. साचे खात्यातले कामगार, स्वतः संपात असलेले. पोरं त्यांना भाऊ म्हणत. भाऊंचा एक नियम होता. मैदानात उतरायच्या आधी शाळेची वही दाखवायची. स्वतः भाऊ सातवीपर्यंत शिकलेले. त्या वहीत काय लिहिलंय हे त्यांना कितपत कळत होतं, देव जाणे. पण तारीख त्यांना कळत होती. आजची तारीख घातलेलं पान नसेल तर त्या पोराने बाकावर बसून आधी ते लिहायचं आणि मग चढाईला जायचं.

पुढे सात-आठ वर्षांनी त्या मैदानावरचाच एक मुलगा खेळाडूंच्या भरतीतून आमच्या बँकेत आला आणि माझ्या शेजारच्या काउंटरवर बसला. कबड्डीच्या जोरावर त्या काळी गिरणगावातल्या कितीतरी मुलांना बँका, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांत नोकऱ्या मिळाल्या. डब्यातली भाजी वाटून खाताना तो एकदा म्हणाला, "भाऊंनी आम्हाला कधी भाषण दिलं नाही, साहेब. पण एक दिवस मैदानावर गेलो नाही तर रात्री खोलीच्या दारात उभे. आत यायचे नाहीत. फक्त विचारायचे, 'बरा आहेस ना? उद्या येणार ना?' घरात वडील वेड्यासारखे बसलेले, आई डब्यांच्या मागे. मी आलो काय, गेलो काय, कुणाला पत्ता नव्हता. भाऊंना होता."

या विषयावर मी नंतर जे काही वाचलं आणि पाहिलं, त्याचं सार त्या दोन प्रश्नांत आहे असं मला वाटतं.

पण चित्र एकांगी रंगवायला नको. त्याच चाळीतली, त्याच वयाची काही पोरं त्याच वर्षांत टोळ्यांच्या हाताला लागली. गिरणगावात हे उघड गुपित होतं. आणि व्यायामशाळा म्हटली की ती पुण्यवानच असते असंही नाही. काही ठिकाणी जोर-बैठकांनी कमावलेली अंगं वसुलीच्या कामाला लागली, काही मंडळांच्या फलकावर कबड्डीपटूंऐवजी पुढाऱ्यांचे चेहरे झळकू लागले. जागा, साहित्य, मुलं दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो बाकावर कोण बसलंय याचा.

जुनी परंपरा, नवी नावं

शाळेनंतर मुलांनी एकत्र येण्याच्या जागा हे काही परदेशातून आलेलं खूळ नव्हे. कोल्हापूरला माझी बदली झाली तेव्हा पेठापेठांतल्या तालमी पाहिल्या. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला हे आपण जाणतोच. पण त्याच शहरात तालमींनी फुटबॉलही उचलला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही तिथल्या फुटबॉल संघांची नावं आहेत. पेठेतला मुलगा वयात आला की तालमीत जायचा. लाल मातीत अंग घुसळायचं, थोरांसमोर नीट उभं राहायचं, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घ्यायचा, हे तो तिथे शिकायचा. कुणी त्याला 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणत नव्हतं.

दुसरी परंपरा राष्ट्र सेवा दलाची. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली सेवा दल नव्याने उभं राहिलं. साने गुरुजींनी त्याला जीव लावला. संध्याकाळची शाखा, खेळ, लेझीम, गाणी, गोष्ट, चर्चा. आणि वेगवेगळ्या जातींची मुलं एका रांगेत. या शाखांमधून आणि कलापथकांमधून किती माणसं घडली, ते पाहावं. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले सेवा दलाच्या कलापथकातले. केशकर्तनाच्या दुकानातून आलेले आणि पुढे 'रामनगरी' रंगवणारे राम नगरकर तिथलेच. नायगावच्या चाळीतले दादा कोंडके आधी बँडपथकात आणि मग सेवा दलात रमले; त्यांच्या पोरवयातल्या उनाडक्यांच्या गोष्टी त्यांनीच रंगवून सांगितल्या आहेत. या तिघांपैकी कुणालाही शाळेने शोधलं नाही. त्यांना हेरलं ते संध्याकाळच्या जागांनी.

आणि त्या जागांनी त्यांना नुसतं गाणं-नाचणं शिकवलं नाही, काम दिलं. पडदा तू बांधायचा, ढोलकी तू सांभाळायची, धाकट्यांची रांग तू लावायची. गरिबीतल्या मुलाला मदत घ्यायची सवय लागलेली असते. जुने कपडे, जुनी पुस्तकं, कुणाच्या तरी कृपेची फी. 'हे तुझ्याशिवाय होणार नाही' असं त्याला कुणी म्हटलेलं नसतं. ते पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा पोराची मान कशी वर होते, हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

कवाई बेटाची गोष्ट

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा एका विलक्षण अभ्यासाविषयी वाचलं. हवाई बेटांत कवाई नावाचं एक बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा मागोवा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घ्यायला सुरुवात केली आणि तो ती मुलं चाळिशीत पोचेपर्यंत घेतला. ऊस आणि अननसाच्या मळ्यांचं ते बेट. त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या पाठीशी जन्मापासूनच अडचणींची रांग होती : दारिद्र्य, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणं, आई किंवा वडिलांचं व्यसन नाहीतर मानसिक आजार. यांतल्या बहुतेकांचं पुढे बिनसलं, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे की, अशा कठीण परिस्थितीतल्या दर तीन मुलांपैकी एक मूल नीट वाढलं. शिकलं, कामाला लागलं, माणसांत राहिलं.

ही मुलं वेगळी का निघाली? काहींचा स्वभाव मुळात गोड होता, काहींच्या अंगी चिकाटी होती. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. आईवडील कमी पडले तेव्हा या मुलांना घरातलं किंवा घराबाहेरचं कुणीतरी एक मोठं माणूस मिळालं होतं. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, युवक मंडळाचा म्होरक्या. एकच, पण टिकून राहिलेलं. दुसरी गोष्ट, त्यांना कुठल्या तरी कामाची, धाकट्यांची, घराची किंवा गटाची जबाबदारी मिळाली होती. आणखी एक दिलासा त्या अभ्यासात आहे. ज्यांचं पौगंडावस्थेत बिनसलं, त्यांच्यातलेही पुष्कळ जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला चांगला जोडीदार, कुणाला श्रद्धेचा आधार. म्हणजे दार एकदाच उघडतं आणि कायमचं बंद होतं, असं नाही.

हे वाचताना मला परळच्या त्या बाकाची आठवण झाली. शास्त्रज्ञांना जे कळायला चाळीस वर्षं लागली, ते साचे खात्यातल्या माणसाला उपजत कळलं होतं. अर्थात म्हणून शास्त्राचं मोल कमी होत नाही. भाऊ एका चौकापुरते होते. कवाईचा अभ्यास आपल्याला सांगतो की असे भाऊ प्रत्येक चौकात हवेत.

चेंडू आणि रंगमंच

२००१ सालची नागपूरची हकिकत आता पुष्कळांना माहीत आहे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात वस्तीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली. त्यांनी पोरांना फुटबॉल दिला. पुढे झोपडपट्ट्यांतल्या संघांची स्पर्धा भरवली. निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा त्यांतून जमीन घेतली, ती या मुलांसाठी. निवृत्तीच्या पैशांचं काय करावं यावर मी उभ्या आयुष्यात शेकडो ग्राहकांना सल्ला दिला. हा पर्याय माझ्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. त्या कामावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ साली आला आणि अमिताभ बच्चनमुळे ही गोष्ट घरोघर पोचली. सिनेमात ती तीन तासांत संपते. मैदानावर ती रोज संध्याकाळी पहिल्यापासून सुरू करावी लागते.

दुसरं उदाहरण ठाण्याचं, आणि ते मला अंमळ जास्त जवळचं. रत्नाकर मतकरी यांनी १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षं बँकेत नोकरी केली. बँकेत बसून लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांचे ते थोरले बंधू. १९६२ मध्ये त्यांनी बालनाट्य संस्था काढली आणि मुलांची नाटकं गंभीरपणे करायची असतात हे मराठी माणसाला दाखवलं. वयाची पंच्याहत्तरी गाठल्यावर, २०१४ च्या सुमारास, ते ठाण्यातल्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा करायला लागले. ही संस्था प्रतिकूल परिस्थितीत दहावी होणाऱ्या मुलांचा 'एकलव्य' म्हणून सत्कार करीत आली आहे. लक्षात घ्या, सत्कार पंच्याण्णव टक्क्यांचा नव्हे, परिस्थितीशी दिलेल्या झुंजीचा. मतकरींनी अशा वस्त्यांमधल्या मुलांना तयार संहिता दिल्या नाहीत. तुमचे विषय तुम्ही निवडा, तुम्ही लिहा, तुम्ही करा, असं सांगितलं. मुलांनी आपल्याच गल्लीतलं आयुष्य रंगमंचावर आणलं. मे २०२० मध्ये करोनाने मतकरींना नेलं.

नाटकाचा इथे नेमका उपयोग काय? नाटकवाला म्हणून नव्हे, लिहिणारा म्हणून सांगतो. जे दुःख आपल्यावर कोसळतं, त्यापुढे आपण हतबल असतो. पण त्याची गोष्ट करायला बसलो की कुठून सुरुवात करायची, काय गाळायचं, कुणाच्या तोंडी कुठलं वाक्य द्यायचं हे आपण ठरवतो. दारुड्या बापाची भूमिका करणारा मुलगा पहिल्यांदा बापाच्या जागी उभा राहून पाहतो. त्याचा राग जात नाही, जाऊही नये. पण रागाला हातपाय फुटायच्या ऐवजी शब्द फुटतात.

मुली कुठे आहेत?

हे सगळं वाचताना एखाद्या चाणाक्ष वाचक भगिनीने विचारलंच असेल, "यात मुली कुठे आहेत हो?" प्रश्न रास्त आहे. तालीम मुलांची, चौक मुलांचा, नाका तर मुलांचाच. मुलीच्या वाट्याला त्या दोन तासांत पाणी, भांडी, कणीक आणि कडेवरचा भाऊ.

गेली चार वर्षं मी दर गुरुवारी आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या वस्तीत, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत भरणाऱ्या अभ्यासवर्गात जातो. अंकगणित आणि व्याज शिकवतो; व्याजाशिवाय मला दुसरं येतं काय? खोली चालवते ती तिथलीच एक ताई. तिशीतली, त्याच वस्तीत वाढलेली. सुरुवातीला खोलीत मुलगेच जास्त. ताईने कारणं शोधली, ती भाषणात सांगण्यासारखी नव्हतीच. पाणी साडेसहाला येतं. परतताना बोळात अंधार असतो. समाजमंदिराच्या संडासाला कडी नाही. आणि धाकट्या भावाला कुणाकडे ठेवायचं? ताईने वर्ग पाण्याच्या आधी घेतला. कडी बसवून घेतली. धाकट्यांसाठी कोपऱ्यात सतरंजी टाकली. वर्ग सुटला की सगळ्या मुली एकत्र निघतात आणि एकेकीला दारात सोडत शेवटची ताईबरोबर जाते. तीन महिन्यांत मुली निम्म्याच्या वर गेल्या. समुपदेशन, सक्षमीकरण वगैरे शब्द त्या खोलीत मी अजून ऐकलेले नाहीत. कडी मात्र पाहिली आहे.

त्यांतल्या एका मुलीविषयी सांगतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिचे वडील गेले. रिक्षा होती, तिचं कर्ज होतं. ती तेव्हा आठवीत. शाळा मोबाइलवर, आणि मोबाइल एकच, तोही आईबरोबर कामाच्या घरी. नववीत ती वर्गात यायची बंद झाली. ताई गेली तेव्हा ती मंगल कार्यालयातल्या वाढप्यांच्या यादीत नाव घालायला निघाली होती. ताईने तिला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. "धाकट्यांना पाढे घ्यायला मला माणूस हवंय, येशील का?" एवढंच विचारलं. ती आली, भावाला घेऊन आली. आधी पाढे घ्यायला, मग हळूच स्वतःची वही घेऊन. २०२३ च्या मार्चमध्ये दहावीला बसली. एकसष्ट टक्के पडले. वर्तमानपत्रात फोटो येण्यासारखे मार्क नव्हेत. पण ते पेढे मी खाल्ले आहेत आणि त्यांची चव मला ठाऊक आहे.

सगळ्यांचंच असं होतं का? नाही. त्याच वर्षी त्याच खोलीतला एक हुशार मुलगा शाळा सोडून गॅरेजला लागला. ताई चार वेळा गेली. घरचा तोच एक कमावता. आता तो रविवारी येतो, धाकट्यांना कॅरम शिकवतो आणि जाताना फुटलेली ट्यूब दुरुस्त करून जातो. ताई त्याला गळती म्हणत नाही. त्याचं नाव तिने हजेरीच्या वहीत अजून ठेवलं आहे. कवाईच्या मुलांची आठवण ठेवली तर ती करते तेच बरोबर आहे.

खर्चाची बाजू

आता थोडं माझ्या धंद्याचं बोलतो. हिशेबात खर्चाचे दोन प्रकार असतात, भांडवली आणि आवर्ती. इमारत भांडवली, पगार आवर्ती. आपल्याकडच्या दानशूरांना भांडवली खर्च फार प्रिय. त्यावर पाटी लावता येते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला सांगितले, तेव्हापासून चांगली कामंही झाली. पण संगणक मिळतात, फळा मिळतो, रंगीत भिंती मिळतात. ताईचं मानधन द्यायला कुणी पुढे येत नाही. आणि आलं तरी वर्षापुरतं. वर्ष संपलं की प्रकल्प संपतो, ताई दुसरीकडे नोकरी धरते आणि मुलांच्या आयुष्यातून आणखी एक मोठं माणूस न सांगता निघून जातं. ज्या मुलाने आधीच माणसं जाताना पाहिली आहेत त्याला हे जाणं साधं वाटत नाही. काही वेळा वाटतं, एका वर्षासाठीच येणार असाल तर येऊ नका.

जागेचं दुखणं तर त्याहून जुनं. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. चाळींमधले चौक वाहनतळ झाले. समाजमंदिरं लग्नांना भाड्याने जातात, आणि लग्नसराईत अभ्यासवर्ग पायरीवर भरतो. महापालिकेच्या शाळांच्या इमारती मात्र संध्याकाळी कुलपात असतात. खोली आहे, दिवे आहेत, बाकं आहेत, संडास आहेत. नसतो तो कुलूप उघडायचा हुकूम. आवर्ती खर्च म्हणाल तर एका ताईचं मानधन, विजेचं बिल, खडू, चेंडू आणि मुलांसाठी चिक्की किंवा केळी. केळ्यांना हसू नका. दुपारच्या खिचडीनंतर रात्रीपर्यंत पोटात काही नसलेल्या मुलाचं चक्रवाढ व्याजात लक्ष लागत नाही, हा माझा चार वर्षांचा अनुभव आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या सोसायट्यांमध्ये क्लब हाऊस आहे. वाढदिवस सोडले तर ते संध्याकाळी रिकामं असतं. सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांची मुलं त्याच वेळी कुठेतरी नाक्यावर उभी असतात. या दोन गोष्टींची गाठ घालायला कुठला कायदा लागत नाही, सर्वसाधारण सभेत एक ठराव लागतो. ठराव मांडून पाहा. विरोध होईल. आमच्याकडे झाला. "आपल्या मुलांवर काय परिणाम होईल?" असं एका सभासदाने विचारलं. ठराव दोनदा फेटाळला गेला आहे. तिसऱ्यांदा मांडणार आहे.

निवृत्त मंडळींना एवढंच सांगेन की आपल्याकडे वेळ आहे, थोडाफार पैसा आहे आणि बोलायला माणूस नाही, ही आपली रोजची तक्रार. तिकडे ऐकायला माणूस नाही, ही त्या मुलांची. आठवड्यातला एक वार ठरवा. फार शिकवायला जाऊ नका. गणित येत असेल तर गणित, पेटी येत असेल तर पेटी, काहीच येत नसेल तर कॅरमच्या बोर्डाशी बसा. पण निदान दोन वर्षं जा, आणि एखाद्या गुरुवारी जमणार नसेल तर आधी कळवून ठेवा. मुलं आपली हजेरी घेत असतात. गेल्या पावसाळ्यात तापाने मी दोन गुरुवार जाऊ शकलो नाही. तिसऱ्या गुरुवारी खोलीत शिरलो, तेव्हा सातवीतल्या एका चिमुरडीने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "काय आजोबा, बरे आहात ना?"